ऑडिशनचं एकवीस अपेक्षित

अप्पा बळवंत चौकात जाऊन "ऑडिशन कशी द्यावी याचं एखादं पुस्तक आहे का?" असं विचारलं, तर पुस्तकवाला मान वर न करता विचारतो, "बोर्ड कुठलं?"

यात त्याचं काही चुकत नाही. त्या चौकात आजवर आलेल्या प्रत्येकाला कुठली ना कुठली परीक्षा द्यायचीच होती. ज्या विषयाचं एकवीस अपेक्षित निघत नाही, तो विषय पुण्यात छंद या सदरात मोडतो. माझ्या भाच्याने त्याला समजावलं, "बोर्डाचं नाही हो, अभिनयाचं." त्यावर पुढचा प्रश्न आला, "मग मराठी मीडियम की इंग्लिश?" हा सवाल बिनतोड होता. भाच्याने दोन्ही माध्यमांतली मिळतील तेवढी पुस्तकं घेतली, आणि ताईच्या घरातला जेवणाचा टेबल त्या दिवसापासून जेवणासाठी बंद झाला.

भाचा इंजिनियर आहे हे वेगळं सांगायला नको. पुण्यात ज्याला नट व्हायचं असतं तो आधी दुसरं काहीतरी असतोच. पूर्वी हे दुसरं काहीतरी म्हणजे डॉक्टर असायचं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. सतीश आळेकरांनी बी. जे. मेडिकलच्या जीवरसायनशास्त्र विभागात नोकरी करत नाटकं लिहिली. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा प्रेक्षागृहात कुणाला चक्कर आली असती तर उपचार रंगमंचावरून झाले असते. या इतिहासातून माझ्या मेव्हण्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की अभिनयावरचा सर्वोत्तम ग्रंथ म्हणजे ग्रेज ॲनाटॉमी. "आधी घसा शिक, मग आवाज लाव," असं ते भाच्याला ऐकवतात. भाच्याने घसा न शिकता मेकॅनिकलला प्रवेश घेतला, ही त्यांच्या मनातली जुनी सल आहे.

अर्थात मेकॅनिकलमध्येही अभिनयाची सोय होती. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकची महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा चालू आहे, आणि या शहरातली निम्मी इंजिनियरिंगची सबमिशनं तिच्या तालमींपायी उशिरा गेली असावीत. 'अरे, आव्वाज कुणाचा' असं ओरडून भरत नाट्य मंदिराचं छप्पर तपासणं हा त्या वयातला वाचिक अभिनय. भाचाही दोन वर्षं त्यात होता: एका वर्षी गर्दीत, दुसऱ्या वर्षी प्रकाशयोजनेत. पण ही स्पर्धा बघून कळतं की पुण्यात करणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याची तयारी कायम दोन पावलं पुढे असते. २०२२ च्या महाअंतिम फेरीत तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. बाहेरगावी याला वाद म्हणाले. आमच्याकडे कट्ट्यावरची ज्येष्ठ मंडळी नुसती "हं" म्हणाली. वर्षानुवर्षं घरोघरी नाट्यगृहातून परतताना रिक्षात जे मत व्यक्त होत होतं, त्याला अखेर अधिकृत मान्यता मिळाली होती.

तर भाच्याने अभ्यास पायापासून सुरू केला. पाया म्हणजे भरतमुनी. नाट्यशास्त्राइतका नेमका ग्रंथ पुण्याबाहेर लिहिला गेला यावर माझा आजही विश्वास बसत नाही. डोकं हलवण्याचे तेरा प्रकार, दृष्टी छत्तीस, भुवयांच्या सात हालचाली, एकट्या नाकाच्या सहा अवस्था! भाचा सकाळी दात घासता घासता आरशासमोर छत्तीस दृष्टी पाठ करू लागला. बाविसाव्या दृष्टीला त्याच्या आजीने त्याला पाहिलं आणि नेत्रतज्ज्ञांची वेळ घेऊन टाकली. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, काही झालेलं नाही, फक्त मोबाइल कमी करा.

मी स्वतः ती यादी चाळली तेव्हा माझं मत झालं (मत विचारलेलं नसताना देणं हा इथला शिष्टाचार आहे), की मुनींनी ही सारी सामग्री आमच्याच पेठांतून गोळा केली असावी. डोकं सावकाश आडवं हलवायचं, त्याला म्हणतात धुत. नको असलेल्या गोष्टीला नकार देताना वापरायचं. लक्ष्मी रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात साडीचा दुसरा रंग मागून बघा, धुत बघायला मिळेल, तेही विनाशुल्क. नाक आक्रसून घेणं म्हणजे विकूणिता; ते जुगुप्सा आणि असूया यांसाठी सांगितलंय. शेजाऱ्यांच्या मुलाचा बारावीचा निकाल ऐकताना आमच्या सोसायटीत जे नाकांचं सामूहिक दर्शन घडतं, त्यात जुगुप्सा किती आणि असूया किती हे मुनींनाही सांगता येणार नाही. भाच्याचा घोटाळा इतकाच झाला, की त्याला सगळे प्रकार नावानिशी येऊ लागले. आता कुणी रागावलं की तो घाबरत नाही. भुवई सातांपैकी कितव्या क्रमांकाची आहे ते बघतो. त्याच्या ऑफिसातल्या मॅनेजरला हे अजून कळलेलं नाही.

मुनींनंतर रशियाचा क्रम होता. स्तानिस्लावस्कीचं 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' इंग्रजीत आलं १९३६ साली. त्याचा मराठी अनुवाद 'अभिनय साधना' या नावाने के. नारायण काळे यांनी केला. काळे म्हणजे १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'चं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणणाऱ्या मंडळींतले, आणि पुढे 'प्रभात'साठी 'वहाँ' आणि 'माझा मुलगा' दिग्दर्शित करणारे. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे रोशन तनेजा हे न्यूयॉर्कमध्ये सॅनफर्ड माइझनर यांच्याकडे शिकून आलेले गृहस्थ अभिनय शिकवू लागले, आणि जया भादुरी, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी अशी मंडळी त्या फाटकातून बाहेर पडली. म्हणजे स्तानिस्लावस्की मराठीत आणणारा माणूस ज्या आवारात सिनेमे काढत होता, त्याच आवारात पुढे नट तयार झाले. भाच्याला हे समजल्यावर तो दर रविवारी संस्थेसमोरच्या लॉ कॉलेज रस्त्यावरून सावकाश चालू लागला. आत विज्डम ट्री नावाचं झाड आहे, त्याखाली बसून मोठमोठ्या लोकांनी चर्चा केल्या. ते झाड आंब्याचं आहे. मेव्हण्यांना त्या संस्थेबद्दल एवढ्याच बाबीत रस वाटला. त्यांनी विचारलं, "हापूस की रायवळ?"

'अभिनय साधना' भाच्याला दुकानात मिळालं नाही. त्याने ते एका जुन्या ग्रंथालयातून आणलं, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

मुळात पुस्तकाची मांडणी गमतीची आहे. कोस्त्या नावाचा नवखा विद्यार्थी रोजनिशी लिहितो, आणि तोर्त्सोव नावाचे दिग्दर्शक त्याची पदोपदी कानउघाडणी करतात. पहिल्याच प्रकरणात कोस्त्या घरी एकटाच ऑथेल्लोची तयारी करतो. चेहरा काळा करायला चॉकलेटमध्ये लोणी कालवून फासतो, कागद कापायची सुरी खंजीर म्हणून उपसतो, टॉवेल गुंडाळतो, आरशात बघून बेहद्द खूश होतो. आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर जाग न आल्यामुळे तालमीला उशिरा पोचतो. म्हणजे घरच्या घरी, पुस्तक उघडून, आरशासमोर अभिनय शिकू नये, हे सांगण्यापासून जगातलं अभिनयाचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक सुरू होतं. भाच्याने हे प्रकरण घरच्या घरी, आरशासमोर, दोनदा वाचलं. ताईने लोण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

त्याच पुस्तकात मारिया नावाच्या मुलीला पडद्याच्या चुणीत खोचलेली ब्रोच शोधायला सांगतात. ती केस धरते, छाती पिटते, रंगमंचभर सैरावैरा धावते, आणि ब्रोच शोधायचीच विसरते. मग ब्रोच सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल असं सांगितल्यावर ती चूण न् चूण तपासू लागते, आणि बघणाऱ्यांचे श्वास थांबतात. भाचा हा प्रसंग जोरात वाचून दाखवत असताना त्याची आजी खोलीत आली. चष्मा शोधत होती. उशीखाली बघितलं, देवघरात बघितलं, फ्रिज उघडून बघितलं, मग थांबली, फ्रिज का उघडला असावा याचा विचार केला, आणि तोंडातल्या तोंडात कुणालातरी बोल लावत निघून गेली. चष्मा कपाळावर होता. तोर्त्सोव तिथे असते तर उठून उभे राहिले असते. भाच्याने मान वर केली नाही. तो पुढचं पान वाचत होता.

पण त्या प्रतीतलं खरं साहित्य समासात होतं. पुण्यातल्या ग्रंथालयाचं पुस्तक हे कधीच एका लेखकाचं नसतं. ऑथेल्लोच्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: "हे पटत नाही." त्याखाली निळ्या शाईत: "पटण्यासाठी आधी समजावे लागते." पेन्सिलवाल्यांनी ते पुस्तक पुन्हा नेलं असणार, कारण उत्तर होतं: "समजले म्हणूनच पटत नाही." मग मध्येच, ठळक हिरव्या शाईत: "ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये." त्यावर निळी शाई: "हे आपण कुठे लिहिले आहे?" हिरवी: "मी आजीव सभासद आहे." पुढच्या पानावर पेन्सिल: "रशियात ठीक आहे." निळी: "आपण रशियाला केव्हा जाऊन आलात?" हिरवी: "विषयाला धरून लिहावे." असं तीनशे पानं. शेवटच्या पानावर पेन्सिलने फक्त 'समाप्त' लिहिलं होतं आणि निळ्या शाईने त्यात ऱ्हस्व-दीर्घ काढता येत नाही म्हणून नुसती रेघ मारली होती.

भाच्याने मूळ मजकूर परत केला आणि समास उतरवून ठेवले.

आता राहिली ऑडिशन. तिच्यावरचं प्रमाण पुस्तक अमेरिकेचं. मायकेल शर्टलेफ नावाचे ब्रॉडवेवर नटांची निवड करणारे गृहस्थ होते. त्यांनी १९७८ मध्ये 'ऑडिशन' नावाचंच पुस्तक लिहिलं. त्यात बारा कळीचे मुद्दे आहेत: समोरच्याशी नातं काय, संघर्ष कशासाठी, प्रसंगात विनोद कुठे, गुपित कोणतं, वगैरे. बारा म्हटल्यावर भाच्याचा जीव भांड्यात पडला. मुद्दे असले की इंजिनियर निर्धास्त असतो. यातला एक मुद्दा म्हणजे 'आदला क्षण': प्रसंग सुरू होण्याआधी हे पात्र कुठून आलं, काय करून आलं, ते नटाने मनाशी ठरवायचं. चांगला मुद्दा आहे. मात्र तो लिहिताना शर्टलेफ यांनी सिंहगड रस्त्यावरची वाहतूक पाहिलेली नव्हती.

बोलावणं आलं अंधेरीहून, एका मालिकेसाठी. भाचा डेक्कन क्वीनने गेला. पुण्याच्या माणसाला मुंबईत काही सिद्ध करायचं असलं की तो १९३० पासून याच गाडीने जातो, आणि संध्याकाळी त्याच गाडीने मतं घेऊन परत येतो. वर्सोव्याच्या आरामनगरात बैठ्या बंगल्यांमधून निवडीची ऑफिसं आहेत. दारात मुलं-मुली रांगेने उभी. बऱ्याचदा दारावरचा मुलगा चेहरा बघूनच "नॉट फिट" म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. दोन हजार वर्षांची परंपरा, तेरा शिरोभेद, एक रशियन आणि बारा अमेरिकन मुद्दे यांचा निकाल दोन शब्दांत. भाचा मात्र आत गेला, कारण इस्त्रीचा शर्ट घालून आलेला तो एकटाच होता आणि दारावरच्या मुलाला वाटलं हा बँकेतून आलाय.

आत कॅमेरा. "नाव सांग, उंची सांग, लेफ्ट दाखव, राइट दाखव." हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नाट्यशास्त्रात छत्तीस दृष्टी आहेत, पण 'लेफ्ट दाखव'ला कोणती लावायची ते दिलेलं नाही. मग हातात एक कागद आला. त्यावर एकच वाक्य: "आई, मी घर सोडून चाललोय." भाच्याने डोळे मिटले. आदला क्षण बांधायला घेतला. पात्र राजाराम पुलावरून येतंय, गाड्यांची रांग हलत नाही, पाठीवर ऊन आहे, आईशी काय बोलायचं याचा विचार चाललाय, सिग्नल पुन्हा लाल...

"अरे, सुरू कर ना."

"सुरूच आहे सर. अजून आदल्या क्षणात आहे."

"बरं, मग नंतरच्या क्षणात ये. मागे पंचवीस जण आहेत."

शेवटी त्याने वाक्य म्हटलं. पण तोवर पात्र वाहतुकीत इतकं दमलं होतं, की समोरच्या बाईंनी काळजीने विचारलं, "पाणी हवंय का?" मग त्यांना दया आली असावी. म्हणाल्या, स्वतःचं काही बसवलंय का? भाच्याला घरी पाठ केलेलं शेक्सपिअर आठवेना. आठवले ते समास. त्याने पेन्सिल, निळी शाई आणि हिरवी शाई अशी तीन पात्रं एकट्याने उभी केली. यात बघा, शर्टलेफचे सगळे मुद्दे बसतात. नातं आहे, संघर्ष आहे, विनोद आहे, आणि गुपित म्हणजे कोण कोण आहे हे कुणालाच माहीत नाही. "मी आजीव सभासद आहे" या वाक्याला कॅमेरावाला हसला. आरामनगरात कॅमेरावाला सहसा हसत नाही. बाईंनी विचारलं, "मस्त आहे रे. कुणी लिहिलंय?"

"ग्रंथालयाच्या सभासदांनी."

"त्यांचा नंबर असेल तर पाठव. आम्हाला संवादलेखक हवेत. तुला आम्ही कळवतो."

अजून कळवलेलं नाही. भाचा मात्र नाउमेद झालेला नाही, कारण त्याच्या मते पुस्तकं थोडी कमी पडली. त्याने आता डॉ. लागूंचं 'वाचिक अभिनय' आणलंय, आणि या यादीतलं हे एक पुस्तक मला मनापासून पटतं. स्वरयंत्र ज्या माणसाने आधी सर्जन म्हणून पाहिलं आणि मग नट म्हणून राबवलं, तो आवाजाबद्दल बोलतो तेव्हा ऐकावं. शिवाय वाचून शिकता येईल असं अभिनयात जे काही थोडंफार आहे, ते मोठ्याने वाचल्यावरच येतं. मराठी नाटकाची पहिली तालीमही वाचनाचीच असते. सगळे गोल बसतात, चहा येतो आणि संहिता वाचली जाते. मनातल्या मनात वाचून फक्त परीक्षक तयार होतात, आणि त्यांचा साठा आपल्याकडे मुबलक आहे.

भाचा रोज रात्री गच्चीवर मोठ्याने वाचू लागला. पहिल्या आठवड्यात तक्रार आली. दुसऱ्या आठवड्यात तक्रार करणारे खुर्ची घेऊन वर आले आणि 'श' आणि 'ष' यांतला फरक समजावून गेले. तिसऱ्या आठवड्यात गच्चीवर बारा माणसं होती, प्रत्येकाच्या हातात आपापलं नाटक. मेव्हणेही 'नटसम्राट' घेऊन गेले होते, आणि घसा कसा वापरावा यावर प्रस्तावना करूनच थांबले, कारण वेळ संपली. बारांचे वीस झाले. वाचायला सगळेच उत्सुक आणि ऐकायला कुणी नाही, म्हटल्यावर समिती नेमणं भागच होतं. समितीने सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर अभिवाचन ठरवलं, आणि त्यात कुणी वाचायचं हे ठरवण्यासाठी रीतसर ऑडिशन.

परवा लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. अध्यक्षांच्या हस्ताक्षरात, ठळक हिरव्या शाईत:

"अभिवाचनासाठी ऑडिशन रविवारी सकाळी ठीक दहा वाजता. दहा म्हणजे दहा. चष्मा स्वतःचा आणावा. उताऱ्याआधी प्रस्तावना करू नये. वाचताना हातवारे करू नयेत, हे वाचन आहे. सूचनेवर काही लिहू नये. निवड न झाल्यास कारण विचारू नये; ते सांगितले जाईलच."

खाली शिसपेन्सिलीने कुणीतरी लिहून गेलं होतं: "हे पटत नाही."